झोपाळ्याची कडी

आमच्या घरी एक जुना झोपाळा आहे. आईची दुपार त्याच्यावर जाते आणि नातवंडांची परवचाही तिथेच होते. गेल्या श्रावणात त्याची एक कडी तुटली. जवळच्या एका दुकानातून मी तिला पितळेचा डाग देऊन आणला आणि निर्धास्त झालो. आठच दिवसांत डाग सुटला आणि आई पडली! मुक्या मारावर निभावले खरे. पण त्या दिवसापासून ती झोपाळ्याकडे पाहीनाशी झाली.

अपराधी मनाने ती कडी घेऊन मी एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. तुटक्या टोकावरून बोट फिरवून ते म्हणाले, ''मास्तर, हे जोडलंच नव्हतं; नुसतं चिकटवलं होतं.''

'संधी' हा विषय मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. त्याचा खरा पाठ मला त्या दिवशी मिळाला. डाग देताना लोखंड वितळत नाही. त्याच्याआधी वितळणारे पितळ दोन कडांच्या मध्ये शिरून त्यांना धरून ठेवते. कडा स्वच्छ असतील आणि पुरत्या तापल्या असतील, तर तोही सांधा बळकट होतो; आमच्या कडीवर मात्र गंज तसाच होता. वेल्डिंगमध्ये दोन्ही कडा स्वतःच वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि एक होऊन गोठतात.

पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ॲसिटिलीन वायू ऑक्सिजनबरोबर जाळला, तर ज्योत ३००० अंशांच्याही वर जाते. ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली या ज्योतीचा प्रताप दाखवून दिला. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन निघतो. पण तो मोठा तापट! नुसता दाबून भरला, तर आपणहून स्फोट पावतो. म्हणून सिलिंडरमधल्या सच्छिद्र भरणात ॲसिटोन मुरवून त्यात तो विरघळवून ठेवतात.

मिस्त्रींनी दोन्ही टोके कानशीने तिरपी घासली, मला काळा चष्मा दिला आणि ज्योत पेटवली. चाव्या फिरवून त्यांनी तिच्या मुळाशी एक रेखीव, लहानसा शुभ्र शंकू आणला. ''दोघांचं प्रमाण बरोबर पाहिजे,'' ते म्हणाले. ऑक्सिजन जास्त झाला तर पोलाद जळते. ॲसिटिलीन जास्त झाला तर त्यातला कार्बन पोलादात शिरून सांधा ठिसूळ होतो. पाहता पाहता दोन्ही कडा पाझरल्या आणि त्यांचे एक चकाकते इवलेसे डबके झाले. त्यात पोलादी तारेचे टोक बुडवीत बुडवीत त्यांनी मधली खाच भरून काढली.

मी घाईने पाण्याची बादली पुढे सरकवली. त्यांनी हात धरला. ''सावकाश निवू द्या. आणि माणूस बसण्याआधी दोन पोती टांगून बघा.''

गव्हाची दोन पोती रात्रभर टांगली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आधी मी बसलो. आई दारात उभी राहून पाहत होती.

''अरे, चिकटवलंय की जोडलंय?'' तिने विचारले.

''जोडलंय,'' मी म्हणालो.

ती आली आणि माझ्या शेजारी बसली.