शंभूचे दहा हात, हरीचे चार

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर ज्या नातेपुत्यात मुक्कामाला थांबते, त्या गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव आहे आणि वाटेच्या शेवटी पंढरीचा हरी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या अखेरीस जे कोडे घातले आहे, त्यातही योगायोगाने हेच दोन देव एकत्र येतात. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य या दहा वस्तू आहेत. त्या एका हातातून दुसऱ्या हातात बदलत गेल्या तर मूर्तीचे किती भेद होतील, आणि गदा, चक्र, कमळ व शंख धारण करणाऱ्या चतुर्भुज हरीचे किती होतील, असा तो प्रश्न आहे.

हरीचे उत्तर लहान आहे. पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले तीन, मग दोन आणि एक, यांचा गुणाकार २४. संध्येत केशवापासून आरंभ होणारी जी चोवीस नावे घेतली जातात, त्या चोवीस विष्णुमूर्ती मूर्तिशास्त्रात आयुधांच्या या क्रमावरूनच ओळखल्या जातात. शंभूचे उत्तर मात्र ३६,२८,८०० इतके येते, म्हणजे दर सेकंदाला एक मूर्ती पाहिली तरी रात्रंदिवस बरोबर ४२ दिवस लागतील. असे असले तरी शंभूचे कोडे हरीच्या कोड्याहून अवघड आहे असे म्हणता येत नाही, कारण दोन्हींना नियम एकच लागतो आणि वाढतो तो केवळ गुणाकार. कोड्याचा आकार आणि कोड्याचा कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळेच अधिक घरे, अधिक अंक किंवा अधिक शब्द घालून कोडे अवघड करण्याचा प्रयत्न पुष्कळदा फसतो. सोडवणारा थकतो, पण त्याला नवा विचार करावा लागत नाही.

अंकांच्या मांडणीचे प्रकार मोजणाऱ्या या प्रकरणाला भास्कराचार्यांनी ‘अंकपाश’ असे नाव दिले आहे, आणि कोडे टप्प्याटप्प्याने कसे अवघड करत न्यावे याचा तो आजही उत्तम पाठ आहे. सारे अंक वेगळे असताना किती संख्या होतील हे विचारून झाल्यावर २, २, १, १ असे सारखे अंक पुढे येतात. आता दोन दोनांची आपसात अदलाबदल केल्याने नवी संख्या होत नाही, म्हणून २४ ला दोनदा दोनने भागावे लागते आणि उत्तर ६ येते. त्या साऱ्या संख्यांची बेरीजही विचारलेली आहे. ती करण्यासाठी एकही संख्या लिहून काढावी लागत नाही, कारण प्रत्येक स्थानी तीनदा २ आणि तीनदा १ येणार, त्यांची बेरीज ९ होणार, म्हणून एकूण ९९९९.

त्यानंतरचे कोडे मात्र खऱ्या अर्थाने वरच्या पायरीवरचे आहे. शून्याखेरीज इतर अंक वापरून पाच स्थानांच्या अशा किती संख्या तयार होतील की अंकांची बेरीज १३ व्हावी? तेरा एककांच्या मध्ये बारा फटी असतात आणि त्यांपैकी चार फटींत रेघा मारल्या की पाच भाग पडतात. बारातून चार निवडण्याचे प्रकार ४९५, तेवढेच उत्तर. ही रीत कोठवर चालते हेही भास्कराचार्यांनी सांगून ठेवले आहे: बेरीज ही स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्याहून, म्हणजे येथे चौदाहून, लहान असली पाहिजे. तेराच्या जागी चौदा घेताच काय घडते ते पाहण्यासारखे आहे. फटींची रीत ७१५ असे उत्तर देते, पण त्यात चार भाग एकाचे आणि एक भाग दहाचा अशा पाच मांडण्या शिरलेल्या असतात, आणि दहा हा एका स्थानी मावणारा अंक नसल्यामुळे खरे उत्तर ७१० ठरते. केवळ एकाने वाढलेल्या बेरजेने पाठ केलेली रीत अपुरी पडते आणि सोडवणाऱ्याला रीतीच्या मुळाशी जावे लागते. कोडे अवघड करण्याची याहून सुंदर युक्ती शोधून सापडणार नाही.

४९५ ही संख्या महाराष्ट्राच्या गणितात आणखी एका ठिकाणी भेटते, जरी त्या दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये एक साधी कृती मांडली: सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या संख्येवर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि त्यापुढे ६१७४ हीच संख्या पुन:पुन्हा येत राहते. कोठूनही आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हा मुक्काम गाठला जातो. याचे कारण असे की पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. अशा फरकांच्या जोड्या ५४ च असल्याने हजारो संख्या एका पावलात ५४ वर येतात. तीन अंकांसाठी हेच स्थान ४९५ चे आहे. मात्र दोन अंक घेतले की स्थिर संख्या मिळतच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते, आणि पाच अंक घेतले तरी वेगवेगळी चक्रेच हाती लागतात. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांची ओळख करून दिल्यावर जगभरातील वाचकांनी जो छंद घेतला, तो अशा एकेक अट बदलून पाहण्याचाच होता.

सुडोकूतही दिलेल्या अंकांची संख्या फसवी असते. उत्तर एकमेव राहण्यासाठी निदान १७ अंक द्यावेच लागतात, सोळांवर ते शक्य नाही, हे २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले गेले; तरीही सतरा अंकांची कित्येक कोडी सहज सुटतात आणि अधिक अंकांची काही कोडी सोडवणाऱ्याची कसोटी पाहतात, कारण कस ठरतो तो पुढचे घर भरण्यासाठी किती लांबचा तर्क करावा लागतो यावरून.

शब्दकोड्याकडे वळताना मराठीची स्वतःची रचना विचारात घ्यावी लागते. देवनागरी कोड्यात एका घरात एक अक्षर येते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार यांसह पूर्ण उच्चाराचा घटक. ‘नातेपुते’ या नावाला म्हणूनच चार घरे लागतात, आणि त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दांत ना, ते, पु तसेच्या तसे यावे लागतात. ‘नारळ’ चालेल, ‘नवरा’ चालणार नाही. बाराखडीमुळे अक्षरांची संख्या शेकड्यांत जात असल्याने काही इंग्रजी कोड्यांप्रमाणे प्रत्येक घरी शब्द छेदवणे मराठीत फार कठीण असते, आणि मराठी कोड्यात काळी घरे अधिक दिसतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे. त्यात रचनाकाराचे कसब कमी आहे असे मुळीच नाही. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मधील आपल्या निबंधात शब्दकोड्यांचा उल्लेख केला आहे. भाषेत पुढचे अक्षर मागच्यांवरून जितके अधिक ओळखू येते, तितकी तिच्यात अतिरिक्तता अधिक, असे त्यांनी मांडले, आणि ती अतिरिक्तता फार झाली तर शब्द एकमेकांत गुंफण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, असे दाखवले.

हाच गुण उलट बाजूने वापरून मराठीत एक सुरेख कोडे करता येते. शब्दाची केवळ व्यंजने द्यावीत आणि स्वरचिन्हे काढून घ्यावीत. ‘नतपत’ या चार घरांत प्रत्येकी बाराखडीची बारा रूपे बसवली तर २०,७३६ वाचने संभवतात, पण माळशिरस तालुक्यातील गाव अशी खूण दिली की एकच टिकते. खूण ‘सोलापूर जिल्हा’ एवढीच ठेवली तर शोध लांबतो, खूण पूर्ण काढून टाकली तर एकाहून अधिक उत्तरे निघण्याचा धोका उद्भवतो. रचनाकाराचे कौशल्य या दोन टोकांमधली जागा हेरण्यात आहे. त्याच गावाच्या नावाची चार अक्षरे उलटसुलट मांडून किती प्रकार होतील, असे विचारले तर ‘ते’ दोनदा आल्यामुळे अंकपाशाचा सारख्या अंकांचा नियम लागू होतो आणि २४ च्या जागी १२ येतात.