बेगमी हॉप्सची

आमच्या घरच्या फ्रीझरची वाटणी झालेली आहे. खालचा कप्पा सौभाग्यवतींचा. त्यात खवलेला नारळ, मटार, चिरलेली मेथी आणि गणपतीतल्या उरलेल्या मोदकांचा डबा. वरचा कप्पा माझा. त्यात चंदेरी पाकिटे विटांसारखी एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येकावर जाड पेनाने जात, पिकाचे साल, आम्लाचा टक्का आणि वजन लिहिलेले असते. बर्फासाठी फ्रीझर उघडणारा पाहुणा हमखास विचारतो, "हे काय?" हॉप्स, असे सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे काय?"

ज्याने बिअर चाखली त्याने हॉप्स चाखले. पाहिलेले मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी. ही भांगेच्या कुळातली वेल. उंच तारांवर अठरा-वीस फूट चढते आणि ऑगस्टअखेरीस मादी वेलीला हिरवी, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची बोंडे येतात. बोंड उकलले की आत पिवळी, चिकट भुकटी दिसते. सगळी किंमत त्या भुकटीची. तिच्यातली आम्ले उकळीत रूप बदलतात आणि बिअरला कडवटपणा देतात. तिच्यातली तेले वास देतात. कुठे संत्र्याच्या सालीचा, कुठे देवदाराचा, कुठे ओल्या गवताचा.

पण हॉप्सचे जुने काम चवीचे नव्हे, टिकवण्याचे. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती बाईंनी लिहून ठेवले आहे की, हॉप्सच्या कडूपणाने पेये नासत नाहीत. पुढे इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबासाठी गलबतातून जी बिअर येई, तिच्यात महिनोन्‌महिने प्रवास सोसावा म्हणून हॉप्स जास्त घालत. 'इंडिया पेल एल' हे नाव तिथलेच. गंमत अशी की, जो हॉप दुसऱ्याला टिकवतो तो स्वतः मात्र मुळीच टिकत नाही. हे कळायला मला तीन घाणे ओतून द्यावे लागले.

मी राहतो अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात. विलमेट नदीच्या खोऱ्यात हॉप्सची शेती जुनी आहे. काढणीच्या दिवसांत सेलमकडे जाताना गाडीची काच खाली केली की वास आत येतो. या देशात १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली ऑक्टोबर १९७८ मध्ये. घरात दोन सज्ञान माणसे असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करा, प्या, मित्रांना पाजा. विकायची मात्र नाही. (आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे घरी बिअर करणे हा गुन्हाच आहे, तेव्हा वाचकांनी हे फक्त वाचावे.)

घरचा घाणा साधारण पाच गॅलनांचा, म्हणजे एकोणीस लिटरचा असतो. त्याला हॉप्स लागतात दोन-तीन औंस. नवशिका दुकानातून औंसाची पाकिटे आणतो. मग एक दिवस त्याच्या लक्षात येते की, पाऊंडभर एकदम घेतले तर औंसाचा दर निम्म्यावर येतो, आणि पाच किलोंचा पुडा घेतला तर आणखी खाली. पीक वर्षातून एकदाच येते, मग भाव बरा असताना वर्षाचे भरून का ठेवू नये? मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

त्यात २००७ साल उजाडले. आदल्या ऑक्टोबरात याकिमाला एका गोदामाला लागलेल्या आगीत अमेरिकेच्या पिकाचा सुमारे चार टक्के हिस्सा जळाला होता, युरोपातले पीकही ओढगस्तीचे होते. भाव भडकले. आमच्या गावच्या दुकानाने गिऱ्हाईकामागे औंसांची मर्यादा घातली. मी घाबरलो आणि ओळखीच्या ओळखीतून कॅस्केड जातीची सहा पाऊंड सुकी बोंडे मिळवली. महिन्याला एक घाणा काढणाऱ्याला हा अडीच वर्षांचा साठा. पण टंचाईच्या दिवसांत हिशेब कोण करतो?

ती मी ठेवली आईने गहू ठेवावेत तशी. एप्रिल-मेमध्ये आई गच्चीवर गहू पसरून त्यांना कडक ऊन दाखवी आणि पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्याचे थर घालून भरी. मीही बोंडे आधी उन्हात एक दिवस चांगली खडखडीत करून घेतली, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली आणि गॅरेजातल्या फळीवर ठेवली. मनात म्हटले, कोरडे आहे, किडे नाहीत, झाले.

पुढच्या उन्हाळ्यात सौ. म्हणाली, "अहो, गॅरेजमध्ये कुणाचे मोजे राहिलेत का?" मोजे नव्हते. हॉप्स होते. हिरवी बोंडे तपकिरी झाली होती आणि त्यांना जुन्या चीजचा वास येत होता. हॉप्समधली आम्ले हवेतल्या प्राणवायूने मोडतात तेव्हा जे एक आम्ल तयार होते, तेच घामट मोज्यांतही असते. पैसे घातले होते, म्हणून हट्टाने तीन घाणे काढले. तिन्ही परसातल्या गवतात गेले.

शेजारी एक निवृत्त शाळामास्तर आहेत, बिअर करण्यातले मुरलेले. त्यांनी एक चिमूट हुंगून पिशवी परत दिली आणि म्हणाले, "अरे, हे धान्य नव्हे, भाजी आहे." आपली साठवणीची सगळी अक्कल इथे उलटी पडते. ऊन हा गव्हाचा मित्र आणि हॉप्सचा वैरी. हवा तशीच, ऊब तशीच. कॅस्केड तर त्यातही नाजूक : घरच्या उबेत, वीस अंशांवर, सहा महिन्यांत कडू आम्ल जवळजवळ निम्मे उडते. क्लस्टर ही जुनी जात तेवढ्याच काळात ऐंशी टक्के राखते. पुडा घेताना जातीचा हा स्वभाव आधी पाहावा. दर पंधरा अंश गारव्याला नासाडीचा वेग निम्मा होतो असा ठोकताळा आहे. म्हणजे फ्रीझरमध्ये तो सहाव्या हिश्श्यावर येतो. पण नुसता गारवा पुरत नाही. साधी प्लास्टिक पिशवी बंद दिसली तरी तिच्यातून हवा सावकाश झिरपत राहते. अस्तराचे चंदेरी पाकीटच हवे, आतली हवा ओढून काढलेले.

(ब्रुसेल्सकडचे लॅम्बिकवाले मात्र हॉप्स मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने करून वापरतात. त्यांना कडवटपणा नको असतो, टिकवण्याचा गुण तेवढा हवा असतो. माझ्या मोजेवाल्या बोंडांना तिथे कदाचित मान मिळाला असता.)

तेव्हापासून आम्ही चौघे मिळून घेतो. पाच किलो म्हणजे अकरा पाऊंड. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन, म्हणजे चव्वेचाळीस औंस. बारा घाण्यांना छत्तीस लागतात, आठ हाताशी उरतात. बोंडांऐवजी दाबून केलेल्या गोळ्या घेतो, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या. जागा कमी व्यापतात आणि हवेलाही कमी उघड्या पडतात. पुडा फोडायचा तो चौघे हजर असतानाच, आणि एका बैठकीत सगळी पाकिटे बंद करायची. पाकीट तीन औंसांचेच, कारण एकदा उघडलेले परत ठेवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. वर्षभर एकाच वासाची बिअर होते ही तक्रार खरी आहे. त्यावर तोड म्हणून दुसऱ्या जाती औंसा-औंसानेच आणतो.

दोन वर्षांचा साठा मात्र पुन्हा केला नाही, भाव कितीही पडला तरी. कारण मला गॅरेजात जे कळले तेच शेतकऱ्यांना जास्त महाग पडले. २००७-०८ च्या भावाला भुलून नव्या वेली लागल्या. हॉप्सच्या वेलीला भर यायला दोन-तीन वर्षे जातात. पीक हाती आले तोवर माझ्यासारख्यांची घबराट ओसरली होती, गोदामे भरलेली होती, आणि २०१० पर्यंत त्यांतल्या कित्येक एकरांवरच्या वेली उपटून झाल्या होत्या. लासलगावचा कांदा ज्याने पाहिला आहे त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्येही अमेरिकेतले क्षेत्र असेच घटवावे लागले. त्याही वेळी जुना साठा फार झाला होता.

मागच्या वाटणीच्या दिवशी स्वयंपाकघरातला तराजू टेबलावर होता, घरभर संत्र्याच्या सालीचा वास होता. मास्तर पाकिटांवर साल घालत होते. पाकिटे फ्रीझरमध्ये रचली तेव्हा एक उरले. वरच्या कप्प्यात ते बसेना. सौ.ने खोबऱ्याचा एक डबा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "हे पहिल्यांदा संपवायचं."