कसब
कसब : दीर्घ सरावाने हातात मुरलेले, सफाई, नेमकेपणा व सौंदर्यदृष्टी यांचा मेळ साधणारे कौशल्य. मूळ अरबी शब्द ‘कस्ब’ याचा अर्थ कमाई वा उपार्जन असा असून तो फार्सीच्या द्वारे मराठीत आला. उपार्जन, उपार्जनाचा धंदा व त्या धंद्यास लागणारे नैपुण्य, असा त्याचा अर्थविस्तार झाला. म्हणूनच ‘नजाकत’ या शब्दाने कृतीतील नाजूक डौल व्यक्त होतो, तर ‘कसब’ या शब्दाने तो डौल साधणाऱ्या हाताचा बोध होतो. ‘हातचे कसब’, ‘कसब पणाला लावणे’ हे प्रयोग रूढ आहेत.

‘कसबी’ म्हणजे निष्णात कारागीर. मात्र त्याच शब्दाचे ‘कसबीण’ हे स्त्रीलिंगी रूप वेश्या या अर्थी रूढ झाले. एकाच शब्दाने पुरुषाचा गौरव व स्त्रीची हेटाळणी व्हावी, हे समाजाच्या दृष्टीचे द्योतक होय.

सोन्यारुप्याची जर या अर्थाचा ‘कसब’ हा शब्द उच्चाराने सारखा, परंतु व्युत्पत्तीने निराळा आहे. तो ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ बोरू वा वेत असा आहे. ‘कसबी पदर’, ‘कसबी पागोटे’ यांत हाच अर्थ अभिप्रेत असतो. गावाचा वाचक ‘कसबा’ हा शब्दही याच दुसऱ्या मुळाशी संबद्ध आहे.

हे दोन्ही अर्थ नाशिक जिल्ह्यातील येवले येथील पैठणीच्या विणकामात एकत्र आढळतात. पारंपरिक पद्धतीत पदरावरील मोर, पोपट, वेली इत्यादी आकृती विणताना प्रत्येक रंगाचा आडवा धागा केवळ आपल्या आकृतीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवितात. त्यामुळे मागे सुटे धागे राहत नाहीत व नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. जेकार्डच्या साहाय्याने विणलेल्या नक्षीच्या मागे बहुधा तरंगते धागे आढळतात. पूर्वी जरीसाठी सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार वापरीत. पुढे तांब्याची व कृत्रिम जरही प्रचारात आली. तारेतील धातू बदलला, तरी विणकराच्या हाताची पारख वस्त्र उलटून पाहिल्याने आजही करता येते.

पहा : जर, पैठणी.