मोरीपासून खाडीपर्यंत

घर स्वच्छ करणे म्हणजे घरातला मळ घराबाहेर घालविणे, असा अर्थ आपण सहसा करतो. तो मळ पुढे कोठे जातो, हा विचार मोरीच्या जाळीपाशीच थांबतो. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला तो तेथे थांबविणे परवडणारे नाही. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत आपल्याकडे येते. तिचेच पाणी शुद्ध करून आपण पितो. वरच्या गावांचे सांडपाणी आपल्या वाट्याला येते आणि आपले खाली खाडीला जाते. मोहन्याजवळ नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. जलपर्णी पोसते ती नायट्रोजन व फॉस्फरस ह्यांवर. त्यांचा मोठा भाग मैल्यातून येतो हे खरे. पण धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असेल तर तेही त्यात भर घालते, आणि नेहमीच्या पद्धतीच्या सांडपाणी-केंद्रातून ते बरेचसे निसटते. कारखान्यांकडे आपण बोट दाखवितो, ते रास्तच आहे. त्यांचे विष निराळे आणि अधिक जहाल. पण ह्या हिरव्या गालिच्याचे खत आपल्या घरांतूनही जाते.

म्हणून घरगुती साफसफाईची द्रव्ये निवडताना आम्ही एकच कसोटी सुचवितो : मोरीतून गेल्यावर हे द्रव्य किती लवकर विरघटून निरुपद्रवी होते? ते घरी केले की बाजारातून आणले, हा प्रश्न त्यानंतरचा.

ह्या कसोटीला रिठा चांगला उतरतो. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी पंधरा मिनिटे उकळून कुसकरावीत आणि गाळून घ्यावीत. ह्या पाण्याने भांडी निघतात, लोकरीचे व रेशमी कपडे निघतात. सोनारही दागिने उजळण्यास रिठाच वापरीत आले. साबण अल्कधर्मी असल्याने रेशमाचा धागा दुखावतो. रिठ्याचे पाणी किंचित आम्ल असते, म्हणून पैठणीला ते मानवते. उन्हाळ्यात मात्र ते दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडेथोडेच करावे. त्याचा फेस बाजारी द्रवाइतका दाट येत नाही, अशी गृहिणींची तक्रार असते. परंतु मळ काढतो तो फेस नव्हे. तेल आणि पाणी ह्यांची सांगड घालणारे रेणू ते काम करतात. फेस ही केवळ त्यांची जाहिरात. ह्या जाहिरातीची किंमत युरोप-अमेरिकेने एकदा मोजली आहे. तेथील पहिले कृत्रिम प्रक्षालक जंतूंना पचेनात, नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले, आणि 1960 ते 1965 ह्या काळात जर्मनीने कायद्याने व अमेरिकेतील कारखानदारांनी आपण होऊन ते द्रव्य बदलले. आजची द्रव्ये त्यामानाने पुष्कळ सुधारलेली आहेत, हेही सांगितले पाहिजे.

उलट ‘नैसर्गिक’ ह्या शब्दावर भाळूनही चालणार नाही. रिठ्याचा चुरा डबक्यात टाकून मासे गुंगविण्याची रीत कित्येक ठिकाणी जुनी आहे. त्यातील सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधते. मोरीतून जाताना ते विरळ होते, काही दिवसांत विरघटते, म्हणून चिंता नाही. पण उरलेले पातेलेभर पाणी कोणी तलावपाळीवर नेऊन मासुंद्यात ओतू नये!

तांब्यापितळेला चिंच लावतात, कारण तिच्यातील टार्टारिक आम्ल काळपट थर विरघळविते. बोअरिंगच्या पाण्याने नळांवर जी पांढरी पुटे चढतात, ती चुन्याची असल्याने लिंबाने वा व्हिनेगरने सुटतात. येथे एक गोष्ट विसरू नये. आपल्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी, ओट्याचा कडप्पा आणि संगमरवर हीदेखील चुन्याच्याच जातीची. आम्ल त्यांना खाते. ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की डाग का पडतो, ते ह्यावरून कळेल. अशा दगडाला रिठ्याचे पाणी किंवा साधा साबण बरा. तेलकट मोरीसाठी मूठभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ओतावा. त्यात फॉस्फरस नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची टूम मात्र आम्हांस पटत नाही. एक अल्क, दुसरे आम्ल. दोघे भेटले की फसफसतात आणि परस्परांचा जोर संपवितात. खाली उरते ते जवळजवळ खारे पाणी.

अलीकडे घरोघर संत्र्या-मोसंब्यांच्या सालींचे ‘बायो-एन्झाइम’ करतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने प्लॅस्टिकच्या बरणीत, वर थोडी मोकळी जागा ठेवून. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावे, नाहीतर वायूने बरणी फुटेल. तयार होते ते मुख्यतः सालींच्या वासाचे सौम्य व्हिनेगर. काचेला ते छान; पण घरात कोणास जुलाब-उलट्या झाल्या असता त्यावर विसंबू नये. तेथे ब्लीचिंग पावडरचे पाणीच हवे, आणि तेही एकटेच. संडासाचे ॲसिड, व्हिनेगर किंवा हेच सालींचे पाणी त्यात मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लॉकच्या चार बाय तीनच्या संडासात तो जिवावर बेततो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत.