खारपाटांतील जिताडा : बारीक जखमा व रोग

अलीबाग-पेण भागांतील खारपाटांत, घराजवळच्या तळ्यांतून जिताडा पाळण्याचा प्रघात जुना आहे. हा मासा खाऱ्या, मचूळ व गोड्या अशा तिन्ही पाण्यांत वाढतो. यावरून तो काटक आहे असें समजून त्याच्या किरकोळ दुखापतींकडे पुष्कळदां दुर्लक्ष होतें. परंतु साध्या खरचटण्यांतून उद्भवलेला रोग पोसलेल्या माशांचें सारें पीक हातचें घालवूं शकतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हें त्याचें चिलखतच होय. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार असतात. माशाच्या रक्तांत त्याच्या सुमारें एक-तृतीयांश. त्यामुळें खाऱ्या पाण्यांत माशाच्या अंगांतील पाणी सतत बाहेर ओढलें जातें. खारें पाणी पिऊन व जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे टाकून मासा ही तूट भरून काढितो. कातडी सोलली कीं ही गळती वाढते व त्याच वाटेनें जंतूंचा शिरकाव होतो. गोड्या तळ्यांतील आजारी माशांस मीठ उपकारक ठरतें, हें पाहून कोणी खाऱ्या तळ्यांतहि मीठ टाकील, तर तो माशाचा भार वाढवील. येथें क्षार हळूहळू कमी करणें हाच उपाय होय.

जखमा होण्याचीं कारणें बहुधा आपल्याच हातचीं असतात. गांठींचें खरखरीत जाळें, कोरडे हात व दाटी हीं त्यांतील मुख्य. हात ओले करून, गांठी नसलेल्या मऊ जाळ्यानें मासे धरावे. जिताडा आपल्या निम्म्याहून अधिक लांबीच्या भावंडासहि गिळूं पाहतो; सबब पिलें लहान असतां दर आठवड्यास आकाराप्रमाणें निवडून वेगळीं करावीं.

आतां रोगांकडे वळूं. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठून मासा अंग घासूं लागला, तर तो एका सूक्ष्म परोपजीवी जंतूचा उपद्रव समजावा. हा जंतु ३ ते ७ दिवस कातडीखालीं राहून गळून पडतो, तळाशीं कोश करितो व पुढें त्यांतून शेंकडों पिलें निघतात. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असें मानणें ही फसगत होय. मासे थोडे असल्यास दर ३ दिवसांनीं स्वच्छ धुऊन वाळविलेल्या दुसऱ्या हौदांत, असे चार वेळां हलवावे; म्हणजे कोश मागें राहतात. जिताड्यास दुसरीहि सोय आहे : दोन-तीन दिवसांत क्रमानें पाणी गोडें करून त्यास कांहीं आठवडे त्यांतच ठेवितां येतें. तो तेथें जगतो, हा जंतु जगत नाहीं.

चपटे कृमि व माशांच्या उवा कातडीवर वरच्यावर असतात. त्यांस ५ ते १० मिनिटांचें गोड्या पाण्याचें स्नान पुरतें. पाणी तळ्याइतकेंच ऊबदार असावें, त्यांत हवा खेळती ठेवावी व मासा कलंडूं लागतांच त्यास बाहेर काढावें. कृमींचीं अंडीं मात्र मरत नाहींत. तेव्हां आठ दिवसांनीं स्नान पुन्हां द्यावें. तें पाणी तळ्यांत परत ओतूं नये.

शेपटी झडणें, अंगावर लाल चट्टे पडणें व खाणें सोडणें हीं जिवाणूंच्या रोगाचीं लक्षणें होत. पहांटे मासे पृष्ठभागीं तोंडें काढीत असतील, तर पाण्यांत प्राणवायु कमी आहे असें जाणावें. तो लिटरास ४ मिलिग्रॅमच्या खालीं जाऊं देऊं नये. खाद्य आवरावें, भरतीच्या वेळीं उघाडीवाटे ताजें पाणी घ्यावें व मेलेले मासे चुना टाकून पुरावे. स्वतःच्या विचारानें जंतुनाशक औषधें कधींहि घालूं नयेत. क्लोरँफेनिकॉल व नायट्रोफ्युरान हीं तर मत्स्यपालनांत कायद्यानें वर्ज्य आहेत. त्यांचा अंश खाणाऱ्याच्या पोटांत जातो. अशा वेळीं मत्स्यव्यवसाय खात्याच्या जाणत्या माणसास मासा दाखवावा.

उन्हाळ्यांत पाणी आटून खार वाढतो, आषाढांत मुसळधार पावसानें तो एकाएकीं उतरतो. या दोन्ही वेळीं सकाळीं तळ्याच्या बांधावर एक फेरी घालावी. ज्याची नजर वेळेवर पडते, त्यास औषधाची गरज क्वचितच लागते.