सुस्सूसा : उपदेशापूर्वीचे श्रवण

मराठीत 'शुश्रूषा' म्हणजे रुग्णाची सेवा. परंतु 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. पालीतील 'सुस्सूसा' या शब्दाने तो अर्थ जपला आहे. ही इच्छा सामान्यतः श्रोत्याकडून अपेक्षिली जाते. उपदेशकानेही आधी श्रोता व्हावे, हे धम्मपद-अट्ठकथेतील आळवीच्या उपासकाच्या कथेवरून ध्यानात येते.

या एका गरीब शेतकऱ्यासाठी तथागत श्रावस्तीहून तीस योजने चालून आळवीस आले. नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटीच सभेत पोहोचला. भिक्खुसंघाचे भोजन आटोपले होते. तरी तथागत मौन धारण करून त्याची वाट पाहत होते. त्यांनी प्रथम त्यास अन्न वाढावयास लावले आणि मगच क्रमाक्रमाने धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेने पीडलेल्यास धम्म कळत नाही, असा खुलासा त्यांनी केला. शेतकऱ्याने न बोललेलेही त्यांनी ऐकले होते.

मारेगावसारख्या कापूसपट्ट्यात ही कथा जुनी वाटत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. 'तोंडाला मास्क का बांधला नाही?' असे विचारणे सोपे आहे. त्याऐवजी मजुराजवळ बसून ऐकले, तर वेगळेच कळते. उकाड्यात तोंड बांधले की जीव गुदमरतो. काम थांबविले की दिवसाची मजुरी बुडते. कोणते औषध कशात मिसळावयाचे, हे तो ठरवीत नाही. मग ध्यानात येते की निम्मा उपदेश मालकालाच करावयास हवा : साधने पुरवा, फवारणी सकाळच्या गारव्यात करवून घ्या, मजुरी कापू नका. ऐकल्याने उपदेश केवळ मृदू होत नाही. तो योग्य माणसापर्यंत पोहोचतो.

वर्षावासातील ग्रंथवाचन आणि फवारणीचा हंगाम एकाच काळात येतात. संध्याकाळी विहारात कोणी उशिरा, थकून आला, तर 'उशीर का झाला?' असा जाब विचारू नये. 'जेवलात का?' हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.