माडी, बिअर आणि बाटली

घरी बनवलेली बिअर बाटलीत भरतात तेव्हा ती पूर्ण तयार झालेली नसते. तिच्यात कोट्यवधी यीस्टपेशी जिवंत असतात. बाटली भरताना मुद्दाम थोडी साखर घालून त्यांना शेवटचे एक काम दिले जाते. त्या साखरेपासून निघणारा कार्बन डायऑक्साइड झाकणाखाली अडकतो, बिअरमध्ये विरघळतो आणि ग्लासात ओतल्यावर फेस होऊन वर येतो. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत लागते आणि जास्त झाली तर बाटली फुटते. आंबवलेले पेय बाटलीत भरणे म्हणजे त्यात किती साखर उरली आहे आणि ती कोण खाणार आहे, हे नेमके ओळखणे.

हे समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्यावर उत्तम उदाहरण आहे. अलिबागच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर किहीम आहे. या साऱ्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत आणि अलिबाग तालुक्यात माडी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पेय आहे. माडीही यीस्टच बनवते. तरीही माडी बाटलीत टिकत नाही आणि बिअर टिकते. हा फरक ज्याला उमगला, त्याला बाटली भरण्याचे निम्मे शास्त्र कळले.

माडी: झाडावरच सुरू होणारे आंबवण

माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने घट्ट बांधतात, काही दिवस हलक्या हाताने ठोकून मऊ करतात आणि मग तिचे टोक कापतात. तिथून रस पाझरू लागतो. वाहती जागा बुजू नये म्हणून रोज पातळ चकती कापावी लागते. कोकणात हे कसब प्रामुख्याने भंडारी समाजाने जपले. वाऱ्यात डोलणाऱ्या माडावर रोज चढून धारदार पात्याने केसभर जाडीचा काप घेणे सोपे नाही. काप जाड झाला तर पोय लवकर संपते आणि पातळ राहिला तर रस अडतो.

ताज्या रसात बारा ते पंधरा टक्के साखर असते आणि ती बहुतांशी आपल्या नेहमीच्या साखरेसारखीच असते. हवेतले, मडक्यातले आणि पोयीवरचे यीस्ट व जिवाणू रस पाझरताक्षणीच कामाला लागतात, म्हणून मडके खाली उतरते तेव्हा आंबवण सुरू झालेले असते. साधारण एका दिवसात मद्यार्काचे प्रमाण चार ते सहा टक्क्यांपर्यंत जाते. याच वेळी लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आंबटपणा आणतात. त्यानंतर अॅसिटिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंची पाळी येते आणि माडीचा शिरका होऊ लागतो. गोव्याच्या स्वयंपाकातला माडाचा शिरका याच वाटेने तयार होतो. तिथे ‘सूर’ म्हणजे माडीच घालून सान्नांचे पीठही फुगवतात. मडक्याला आतून चुना लावला तर रस अल्कधर्मी राहतो, आंबवण रोखले जाते आणि गोड नीरा मिळते.

ताजी माडी बाटलीत भरून झाकण लावले तर आत तीन गोष्टी एकाच वेळी घडत राहतात: यीस्ट उरलेली साखर खाऊन वायू सोडत राहते, जिवाणू आम्ल वाढवत राहतात आणि दाब चढत जातो. हे सगळे कुठे थांबेल, याचा अंदाज बांधता येत नाही. श्रीलंकेत माडी बाटलीबंद करून विकतात, पण त्यासाठी ती तापवून आतले जीव मारावे लागतात. तशी माडी टिकते, मात्र सकाळी माडावरून उतरलेल्या माडीची चव तिला राहत नाही.

बिअर का टिकते

बिअरचा कच्चा माल धान्य आहे. सातूला मोड आणून ते वाळवतात, जसे घरोघरी नाचणीचे सत्त्व करण्यासाठी नाचणीला आणतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे ६२ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात दाण्यातल्या पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि उकळतानाच त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालतात.

माडीपेक्षा बिअर इथेच वेगळी पडते. उकळल्यामुळे आधीचे बहुतेक सगळे जीव मरतात. हॉप्समधली कडू द्रव्ये लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना वाढू देत नाहीत. मग द्रव थंड करून त्यात निवडलेले यीस्ट सोडतात. माडीत जे येईल त्याचे राज्य असते. बिअरमध्ये एकाच जातीला बोलावलेले असते आणि ती जात खाऊ शकेल अशी साखर संपली की काम थांबते. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरच्या ग्रंथात बिअर बिघडण्यामागे नको असलेले सूक्ष्मजीव असतात हे दाखवले. १८८३ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टचे शुद्ध वाण वेगळे काढून वाढवले. आजचा घरगुती बिअर बनवणारा याच दोघांच्या कामावर उभा आहे.

बाटली भरण्याची रीत

पहिले काम म्हणजे आंबवण खरोखर संपले आहे का, हे तपासणे. वरचे बुडबुडे थांबले, एवढ्यावर विसंबून चालत नाही. त्यासाठी द्रवाची घनता मोजणारा काचेचा तरंगता मापक वापरतात. सुरुवातीला १.०४८ असलेली घनता साखर संपत जाते तशी १.०१० च्या आसपास उतरते. या फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के निघते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे सारखी आली, तरच बाटल्या भराव्यात. मापक १.०१४ दाखवत असताना घाई केली आणि घनता १.००८ पर्यंत उतरायची बाकी असली, तर उरलेल्या साखरेतूनच नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वायू निर्माण होतो. फुटलेल्या बाटल्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

दुसरे काम स्वच्छतेचे. तळाशी वाळलेला साका असलेली बाटली कितीही जंतुनाशक ओतले तरी निर्जंतुक होत नाही. म्हणून आधी घासणे आणि नंतर जंतुनाशकाने विसळणे, हा क्रम पाळावाच लागतो. नळ्या, झाकणे आणि पिंपालाही तोच नियम लागू.

तिसरे काम साखरेचे. एका लिटरला सुमारे सहा ते सात ग्रॅम साखर लागते, म्हणजे वीस लिटरांना साधारण १२० ते १४० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये हलकेच मिसळतात. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकली तर एक बाटली फसफसते आणि दुसरी निपचित राहते. बिअर नळीने बाटलीच्या तळाशी सोडावी. ती उंचावरून ओतली तर हवेतला प्राणवायू मिसळतो आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवून पत्र्याचे दातेरी झाकण दाबून बसवतात. हे झाकण विल्यम पेंटर यांनी अमेरिकेत १८९२ साली शोधले.

बाटली तपकिरी असावी. हॉप्समधली कडू द्रव्ये उजेडात तुटतात आणि उग्र दुर्गंधी येते. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत वर्षभराचा ‘बॉटल मसाला’ बिअरच्या गडद बाटल्यांत भरत आले आहेत. उजेडापासून रंग-वास जपण्याचा विचार दोन्हीकडे एकच.

भरलेल्या बाटल्या वीस ते चोवीस अंशांवर, अंधारात, बंद खोक्यात साधारण दोन आठवडे ठेवतात. त्यानंतर त्या थंड केल्या की वायू नीट विरघळतो. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ हलू न देता बिअर ओतावी लागते.

किनाऱ्यावरची उष्णता

थंड देशांतल्या पुस्तकांतली मापे कोकणात जशीच्या तशी लागू होत नाहीत. बिअरसाठी नेहमी वापरले जाणारे ‘एल’ जातीचे यीस्ट १८ ते २२ अंशांवर चांगले काम करते. किहीमला वर्षातले बरेच महिने खोलीचे तापमान त्याच्या वर असते. जास्त उष्णतेत यीस्ट घाईने काम करते आणि डोके धरायला लावणारे जड मद्यार्क व पिकलेल्या फळांसारखे उग्र वास तयार करते. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चव देते, म्हणून उष्ण प्रदेशांत त्याला महत्त्व आहे.

दाबाचेही तसेच. योग्य वायू भरलेल्या बाटलीत २० अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दोन वातावरणे जास्त दाब असतो. हीच बाटली ३० अंशांवर गेली की हा जादा दाब जवळपास दीडपट होतो. एकदाच वापरण्यासाठी केलेल्या पातळ काचेच्या बाटल्या अशा ठिकाणी धोक्याच्या ठरतात.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी बनवलेल्या बिअरलाही सूट नाही. माडीसुद्धा परवान्यानेच काढली आणि विकली जाते. परवाना घेऊन ताजी बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीची वाट महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ने दाखवली. किहीमच्या घरात बिअर करण्याची मुभा मात्र त्याने मिळत नाही.

इतर देशांत परिस्थिती वेगळी आहे. ब्रिटनने १९६३ साली घरगुती वापराच्या बिअरसाठी परवान्याची अट काढली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने घरात बिअर बनवण्यावरचा केंद्रीय कर हटला. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी त्यात मर्यादा आहे. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घराला हा छंद कायद्याने करता येतो. किहीमच्या घराला तो समजून घेता येतो, पण परवान्याविना करता येत नाही.

छंद, व्यायाम आणि भाषा

ज्यांना घरी बिअर बनवण्याचा छंद करता येतो, त्यांच्याकडे अनेकदा आणखी छंद असतात. नियमित व्यायाम आणि एखादी नवी भाषा यांच्याशी बिअरचे वेळापत्रक छान जुळते. वीस लिटर बिअर शिजवायला एक दिवस आणि बाटल्यांत भरायला दोन-तीन तास लागतात. मधले आठवडे यीस्टचे असतात. व्यायाम आणि भाषा मात्र रोजची हजेरी मागतात. हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ साली दाखवले की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वाधिक विसरले जाते. म्हणून आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे उजळणी करणे अधिक उपयोगी पडते. बाटल्या भरण्याचा दिवस आधी ठरवून ठेवला तर त्या दिवशी फक्त व्यायामाची वेळ हलते, खंड पडत नाही.

वेळ जुळतो, शरीराचे गणित मात्र जुळेलच असे नाही. पाच टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क आणि साधारण १४० कॅलरी असतात. साठ किलो वजनाच्या माणसाला त्या खर्च करायला कडक जमिनीवर दोन किलोमीटरहून थोडे जास्त धावावे लागते. किहीमच्या मऊ वाळूत अंतर कमी लागते, कारण वाळूत धावायला सुमारे दीडपट ऊर्जा लागते. पण हिशेब केवळ कॅलरींचा नाही. व्यायामानंतर भरपूर मद्य घेतले तर स्नायूंची दुरुस्ती मंदावते. मद्याने झोपही तुटक होते, आणि दिवसा शिकलेले शब्द पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले.

म्हणून या छंदात बनवण्याचा आनंद मोठा आणि पिण्याचे प्रमाण लहान ठेवणे शहाणपणाचे. वीस लिटरांऐवजी पाच लिटर शिजवले तरी मोजमाप, स्वच्छता आणि धीर तेवढाच लागतो, शिकायलाही तेवढेच मिळते, आणि बाटल्या साधारण पंधराच भरतात. बाटलीत भरलेली हलकी बिअर थंड जागी काही महिने चांगली राहते, त्यामुळे ती लवकर संपवण्याची घाई नसते. माडीला मात्र तो अवकाश नाही. ती उतरली त्याच दिवशी आणि तिच्या माडाजवळच प्यावी लागते.